दीड सुताचा स्क्रू

दोन महिने इथे काही लिहिलं नाही. परवा नणंदेचा फोन आला, "वहिनी, ब्लॉग बंद केलास की काय?" बंद नाही केला बाई, एका स्क्रूच्या मागे लागले होते. ती हसली. तुम्हीही हसाल. पण या स्क्रूवरून माझं आणि चिरंजिवांचं चांगलंच वाजलं, आणि त्यात थोडी चूक त्याची, बरीचशी माझी निघाली. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमचं घर १९३६ सालचं. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, सोलापुरातल्या जुन्या पेठेतलं. वाडा म्हणावा एवढं मोठं नाही, आणि नुसतं घर म्हटलं तर सासूबाईंना आवडत नसे. खालच्या मोठ्या दाराला कडी-कोयंडा आणि आतून अडसर. माडीवरच्या खोलीच्या दाराला मात्र साहेबी थाट आहे. लोखंडी डब्याचं कुलूप दाराच्या पाठीवर बसवलेलं, आणि दोन्ही बाजूंना गोल पितळी मुठी. डब्यावर 'मेड इन इंग्लंड' एवढी अक्षरं वाचता येतात, बाकी रंगाच्या थराखाली गेलेली. आजेसासऱ्यांनी ते कुठून आणलं ते आता सांगायला कोणी उरलेलं नाही.

या मुठींची रचना तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दाराच्या आरपार एक चौकोनी सळई जाते. एका बाजूची मूठ त्या सळईला कायमची जोडलेली असते. दुसऱ्या बाजूची मूठ सळईवर नुसती सरकवायची आणि तिच्या मानेत एक छोटा स्क्रू पिळायचा. त्या स्क्रूचं टोक सळईच्या भोकात बसतं. मूठ फिरवली की सळई फिरते, सळई फिरली की डब्यातली जीभ आत जाते आणि दार उघडतं. म्हणजे पितळ, लोखंड, सागवान, सगळा डोलारा त्या एवढ्याशा स्क्रूवर. तो नसेल तर मूठ हातात येते.

एप्रिलमध्ये तेच झालं. दुपारी दीड-दोनची वेळ, सोलापूरचं ऊन. मी माडीवर जुन्या वह्या काढत बसले होते. वारा सुटला आणि दार धाडकन आपटलं. उघडायला गेले तर मूठ माझ्या हातात! आत ढकलून पाहावं म्हणून जरा जोर लावला, तर सळई पलीकडे सरकली आणि बाहेरच्या मुठीसकट जिन्यावर घरंगळत गेल्याचा आवाज आला. मी आत, सळई बाहेर, मोबाइल खाली स्वयंपाकघरात. भोकात पेन्सिल घातली, ती मोडली. कात्री घातली, ती बसेना. खिडकीतून हाका मारल्या, पण एप्रिलच्या दुपारी आमच्या गल्लीत कुत्रंही हिंडत नाही. चाळीस मिनिटांनी शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने ऐकलं. खालचं दार आतून कडी लावलेलं, म्हणून तो त्यांच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर आला आणि जिन्यावरची सळई उचलून भोकात घालून त्याने दार उघडलं. घामाने मी निथळत होते. घाबरले होते का? हो, घाबरले होते. बी.पी.ची गोळी खालीच होती.

हे मी चिरंजिवांना सांगणार नव्हते. शेजारणीने सांगितलं.

पुण्याहून रात्री फोन. "आई, ते दार बदल. फ्लश डोअर बसवून टाकू, साधं हँडल, साधी कडी. मी पैसे पाठवतो." मी म्हटलं, अरे, दार चांगलं आहे, एक स्क्रू तेवढा नाही. तो म्हणाला, "आज स्क्रू नाही, उद्या जिना नीट नसेल. त्यापेक्षा तू इकडेच ये ना." घराचा विषय निघाला की आमच्याकडे शेवटी तिथेच येतो. मी फोन ठेवला आणि ठरवलं की हा स्क्रू मिळवायचाच.

दुसऱ्या दिवशी एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं, पंख्याच्या कामाला येतो तो. त्याने खिशातून एक स्क्रू काढला, बसेना, तर पकडीने दाबून पिळला. दोन आटे कुरकुरत गेला आणि अडला. "बसला की आज्जी!" बसला नव्हता. मुठीच्या मानेतल्या मूळ आट्यांची तोंडं मात्र त्याने चेपून ठेवली. अडणारा स्क्रू पकडीने पिळू नये हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आता आहे. तुम्हीही लक्षात ठेवा.

मग मूठच पिशवीत घालून बाजारात गेले. मधल्या मारुतीच्या परिसरात तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानातल्या मुलाने मूठ हातातही घेतली नाही. "हे बंद झालं आज्जी. पूर्ण लॉकच बदला. साडेआठशेला येतंय." दुसरा दुकानदार सज्जन. त्याने चार मिलिमीटरचा स्क्रू लावून पाहिला, तो आत सैल डुलत होता. पाच मिलिमीटरचा लावला, तो तोंडाशीच अडला. "साडेचारचा द्या की," मी म्हटलं. तो हसून म्हणाला, "तसा नसतोय आज्जी, चारनंतर पाचच."

हे 'चारनंतर पाचच' माझ्या डोक्यात बसलं. मी मराठी घेऊन बी.ए. केलं, पस्तीस वर्षं मुलांना व्याकरण शिकवलं, यंत्रशास्त्राशी माझा संबंध शिलाई मशीनपुरता. पण 'चार आणि पाचच्या मधलं काही नाही' हे व्याकरणात तरी चालत नाही. कुठेतरी काहीतरी असलंच पाहिजे.

तिसरं दुकान जुनं. गल्ल्यावर माझ्याच वयाचे मालक. त्यांनी मूठ घेतली, चष्मा वर केला, मानेतल्या भोकात डोकावले आणि खालून एक पत्र्याचा डबा काढला. असल्या डब्याला आपण सटरफटर म्हणतो. खरं तर दुकानातला तोच सगळ्यांत मौल्यवान डबा. त्यातून एक बारीक पितळी स्क्रू काढून पिळला. दोन फेरे छान गेला आणि अडला. त्यांनी लगेच उलटा फिरवून काढला, जोर केला नाही. "हा बी.ए. आहे," म्हणाले. मी म्हटलं, "मीही बी.ए.च आहे." ते म्हणाले, "नाही हो बाई, आट्याचं नाव बी.ए. जुन्या रेडिओला, विजेच्या बटनांना असायचे. जवळ गेलं, पण हे नव्हे. तुम्ही पूर्व भागात जा. मागाची कामं करणाऱ्या लेथवाल्यांकडे. इंचाचं काम आता तिथंच."

घरी येऊन नातीच्या मदतीने वाचत बसले. (नात टॅबवर शोधून देते आणि मी वाचते, तेवढ्यात तिचा अभ्यास चुकतो.) बी.ए. म्हणजे ब्रिटिश असोसिएशन. इंग्लंडातल्या या विज्ञानसंस्थेने १८८४ साली बारीक स्क्रूंसाठी मापं ठरवून दिली. त्याच्याही आधी, १८४१ साली, जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या मँचेस्टरच्या यंत्र-कारागिराने सांगितलं होतं की प्रत्येक कारखान्याने आपापले आटे पाडणं थांबवा. अमुक जाडीच्या स्क्रूला एका इंचात अमुकच आटे, आणि आट्याचा कोन पंचावन्न अंश. तोवर एका कारखान्याचा स्क्रू दुसऱ्याच्या नटात जात नसे. आपल्या बाजारातल्या मिलिमीटरच्या स्क्रूचा कोन आहे साठ अंश. म्हणजे जाडी जवळपास जुळली तरी आट्याला आटा बसतच नाही. दोन फेरे जातो आणि मग दोघं एकमेकांना चावतात. आमच्या इलेक्ट्रिशियनने तेच केलं होतं.

आणि मिलिमीटर आपल्याकडे आले कधी? मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा मी सहा वर्षांची होते, दुकानदार आणि आई यांची हिशेबावरून होणारी हुज्जत मला आठवते. म्हणजे १९३६चं आमचं दार मिलिमीटरला ओळखणारच कसं!

पूर्व भागाबद्दल बाहेरगावच्या वाचकांसाठी दोन शब्द. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली निघाली, आम्ही तिला जुनी मिल म्हणतो. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या. त्यांची यंत्रं इंग्लंडातून येत, आणि यंत्रांबरोबर इंच, व्हिटवर्थचे आटे, फिटर, टर्नर हेही गावात रुजले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भाग वसवला, आधी हातमाग, मग यंत्रमाग. गिरण्या बंद पडल्या, पण घराघरातल्या चादरी-टॉवेलचे माग राहिले. हे यंत्रमाग म्हणजे लँकेशायरच्या मागाचीच पिलावळ, आणि त्यांचे नटबोल्ट अजून बऱ्याच अंशी इंचातच. मागाचा एखादा तुकडा मोडला की कंपनीला पत्र लिहीत कोण बसणार? शेजारच्या लेथवर करून घ्यायचा. ज्या विद्येची मला गरज होती ती माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, रोज सकाळी नऊला शटर उघडून बसलेली होती. आयुष्य या गावात गेलं आणि मला ते माहीत नव्हतं, याची थोडी लाज वाटली.

साखर पेठेच्या पुढे एका बोळात तो कारखाना. कारखाना म्हणजे दहा बाय पंधराची खोली, दोन लेथ, एक ड्रिल, भिंतीवर बालाजीचं कॅलेंडर, जमिनीवर लोखंडाच्या कुरळ्या किसाचा गालिचा. मालक पन्नाशीचा. सोलापुरात मला सवय अशी की समोरचा माणूस चाळिशी-पन्नाशीचा असला की विचारायचं, "तू कुठल्या शाळेत होतास रे?" निम्मे तरी माझे विद्यार्थी निघतात. हा निघाला नाही. तेलुगू माध्यमात शिकलेला. म्हणजे जुन्या ओळखीवर काम होणार नव्हतं, रांगेत बसणं आलं. माझ्याआधी मागाचं एक चाक होतं. दीड तास बसले. चहा मात्र त्याने लगेच मागवला.

पाळी आल्यावर त्याने मूठ घेतली आणि भोकात करंगळीचं नख फिरवून म्हणाला, "दीड सूत."

मला वाटलं तो मागाच्या सुताबद्दल बोलतोय. सोलापुरात सूत म्हटलं की काय वाटणार? मग त्याने समजावलं. कारागिरांच्या भाषेत इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. दीड सूत म्हणजे इंचाचे तीन सोळांश, मिलिमीटरमध्ये पावणेपाचच्या जरासं वर. बघा, चार आणि पाचच्या मध्ये होतं की नाही! "मागाला दोन, अडीच, तीन सूत जास्त लागतंय बाई. दीड सूत कवातरी. पण टॅप हाय."

टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. स्क्रूवर आटे पाडतो तो डाय. त्याने दीड सुताचा टॅप तेलात बुडवला आणि हाताने, अगदी सावकाश, मुठीच्या मानेत फिरवला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पकडीने चेपलेली तोंडं त्याने आधी सरळ केली. मग टॅप सुळकन आत गेला. "आटा तोच हाय. इंचाला चोवीस." नव्वद वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे पाडलेल्या आट्यात आमच्या पूर्व भागातला टॅप असा गेला, जणू रोजची ओळख. मला एकदम व्हिटवर्थला हात जोडावेसे वाटले.

स्क्रू आयता नव्हताच. त्याने पितळी सळईचा तुकडा लेथवर लावला, दीड सुतापर्यंत उतरवला, डायने आटे पाडले, टोक बारीक केलं म्हणजे सळईच्या भोकात नीट बसेल, आणि कापून डोक्यावर हॅकसॉने खाच पाडली. मध्येच "तम्मी" अशी हाक मारून पोऱ्याकडून कानस मागितली. मूठ, सळई, स्क्रू जुळवून माझ्या हातात दिलं. एक फिरवून बघा म्हणाला. फिरवलं. हलतसुद्धा नव्हतं. वीस मिनिटांचं काम. मी म्हटलं, आणखी दोन करून ठेव. तिन्हींचे मिळून दीडशे रुपये घेतले. साडेआठशेचं लॉक, आठ-दहा हजारांचं फ्लश डोअर, ते बसवायची मजुरी, आणि इकडे हे दीडशे. हा हिशेब मी त्याच रात्री चिरंजिवांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. अंगठा आला फक्त.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, बाईंनी लढाई जिंकली. मलाही तसंच वाटत होतं. पण सळईच्या भोकात काय काय अडकलं होतं ते त्या माणसाने कागदावर काढून दाखवलं होतं, ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं ठरेल.

आत निघाला माझ्या केसांच्या आकड्याचा तुकडा, आणि त्याच्या मागे एका वाकवलेल्या खिळ्याचं गंजलेलं टोक. खिळा ह्यांचा. मूळ स्क्रू केव्हा हरवला देव जाणे. तो हरवल्यावर ह्यांनी एक चुका वाकवून घातला होता, "तात्पुरता." ह्यांना जाऊन सात वर्षं झाली. तो खिळा गंजून तुटला तेव्हा मी त्यात आकडा घातला, तोही तात्पुरता. म्हणजे दाराला निदान पंधरा वर्षं स्क्रू नव्हता. आणि या पंधरा वर्षांत आम्ही काय केलं? येणाऱ्या पाहुण्याला माडीवर नेलं, मुठीवर हात ठेवून सांगितलं, "इंग्लंडची आहे बरं का, छत्तीस सालची." सुनेने फोटो काढून घातले, दोनशे जणांना आवडले. मुठीच्या आत हेअरपिन होती!

चिरंजीव फोनवर "आज स्क्रू नाही, उद्या जिना" म्हणाला तेव्हा मला राग आला होता. पण त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. जे घर नीट ठेवता येत नाही त्यात एकटीने राहू नये, हे कोणाही म्हाताऱ्या माणसाच्या मुलाला वाटणारच. आमच्या पिढीला जुन्याचा अभिमान फार. पण तेलपाणी, स्क्रू, रंग, बिजागऱ्या म्हटलं की "बघू पावसाळ्यानंतर." आणि मग मुलं दार काढायला निघाली की आपण संस्कृती बुडाली म्हणून ओरडतो. दार आपणच पंधरा वर्षं बुडवत असतो. माझं मत विचाराल तर जुनं घर ठेवायचा हट्ट करायचा अधिकार त्यालाच, जो महिन्याला एक दुपार त्याच्या दुरुस्तीला देतो. ज्याला ते जमत नाही त्याने खुशाल फ्लश डोअर बसवावं, त्यात कमीपणा काही नाही. अर्धवट लटकलेल्या जुन्या मुठीपेक्षा घट्ट बसलेली नवी कडी चांगली. हे मी, पेठेतली बाई, लिहिते आहे याची नोंद घ्यावी.

दुसऱ्या बाजूलाही एक सांगते. 'हे बंद झालं' असं सांगणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. त्याच्याकडे बंद झालं असतं, एवढंच. आमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत चार जुनी घरं पडली. पाडणाऱ्याकडून दारं एकजण घेऊन जातो, पितळ दुसरा, लोखंड किलोवर तिसरा. कोरीव दारांचे मुंबईत टेबल होतात म्हणे, आणि मुठी चोरबाजारात वेगळ्या विकल्या जातात, स्क्रूशिवाय. ज्या डब्यातल्या कुलपाला ती मूठ जुळते ते तोवर भंगारात वितळलेलं असतं. त्यातली किती दारं एकेका स्क्रूपायी, एकेका बिजागरीपायी "खराब" ठरली असतील!

मुठीचं काम झाल्यावर मी थांबले नाही. महिन्याची दुपार म्हटलं ना, ती लगेच सुरू केली. त्याच कुलपाचा डबा दाराला चार लाकडी स्क्रूंनी बसवलेला, त्यातले दोन बेपत्ता, एकाच्या जागी तो काळा, अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू. हे काळे स्क्रू सीलिंगच्या कामाचे. जुन्या सागवानात ते पिळले की डोकं तुटून हातात येतं आणि धड आत राहतं. आमचे सुतार सत्तरीचे आहेत. त्यांना सरळ एका खाचेचे हवे होते, कामगारांच्या भाषेत 'मायनस'. त्यांनी आपल्या पेटीतून शोधून दिले, कुठल्याशा जुन्या दारातून काढून ठेवलेले. "नेटलफोल्ड आहेत बाई, आता मिळत नाहीत," म्हणाले, जसं काही कोल्हापुरी साज दाखवतायत.

हे नेटलफोल्ड प्रकरणही मजेदार आहे. लाकडाच्या स्क्रूला पूर्वी टोकच नसे. बुंधा बोथट, म्हणून आधी भोक पाडून मगच तो आत घालावा लागे. टोकदार, स्वतः लाकडात शिरत जाणारा स्क्रू यंत्रावर बनू लागला तो १८४०च्या दशकात, अमेरिकेत. त्याचे इंग्लंडपुरते हक्क १८५४ साली नेटलफोल्ड नावाच्या माणसाने घेतले, त्याला पैसा कमी पडला म्हणून मेहुणे चेंबरलेन यांनी भांडवल घातलं आणि आपल्या मुलाला बर्मिंगहॅमला कारखान्यात पाठवलं. तो मुलगा जोसेफ चेंबरलेन, पुढे ब्रिटिश साम्राज्याचा वसाहतमंत्री. आणि त्याचा मुलगा नेव्हिल, १९३९ साली युद्ध पुकारणारा पंतप्रधान. स्क्रूच्या पैशावर घराणं कुठल्या कुठे गेलं पाहा! नेटलफोल्डचे स्क्रू पुढे आपल्याकडे गेस्ट कीन विल्यम्स कंपनी बनवत असे, आमच्या सुतारांकडचे त्यातलेच असावेत. आणि आपल्या जुन्या वाड्यांच्या थोरल्या दारांना स्क्रू का दिसत नाहीत याचंही उत्तर मला यात मिळालं. आमच्या खालच्या दाराचा कोयंडा लांब खिळ्यांनी ठोकून मागे टोकं वळवून टाकलेला आहे. तो हलत नाही, आणि निघतही नाही.

स्क्रू कसे बसवले ते लिहून ठेवते, कोणाला उपयोग होईल. जुनी भोकं मोठी झाली होती. मी आगकाडी आणि फेविकॉल सुचवला, तर सुतारांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प. त्यांनी सागवानाच्या बारीक खुंट्या तासल्या, सरसावर ठोकल्या, एक रात्र वाळू दिल्या. सकाळी त्यात बारीक भोक पाडलं. स्क्रूच्या आट्यांना कपड्याचा साबण चोळला आणि हाताने पिळले, मशीन नाही. पितळी स्क्रू असेल तर त्याच मापाचा लोखंडी आधी घालून काढायचा आणि त्या वाटेने मग पितळी घालायचा, कारण पितळ मऊ, सागात पिळताना मान मोडते. आणि जुना गंजलेला काढायचा असेल तर आधी खाचेतला रंग हॅकसॉच्या पात्याने साफ करायचा, रॉकेल मिळत नाही तर गंज सोडवायचं तेल सोडायचं आणि एक रात्र वाट पाहायची. घाईत खाच मोडली की मग दाराला इजा झाल्याशिवाय स्क्रू निघत नाही.

काढलेले सगळे जुने स्क्रू मी एका डबीत ठेवलेत, कुठल्या दाराचे ते कागदावर लिहून. मोबाइल आता गळ्यातल्या पिशवीत असतो, झोपतानासुद्धा उशाशी. माडीच्या दाराला एक लाकडी पाचर दोरीने बांधली आहे, वर जाताना ती दाराखाली सरकवते, म्हणजे वाऱ्याने आपटणार नाही. हे तिन्ही सूनबाईंच्या सूचनेवरून, आणि तिला त्याचं श्रेय देते. पुण्याला जाण्याचा विषय बंद झालेला नाही. चिरंजीव मे अखेरीस येऊन गेला. माडीवर गेला, काही न बोलता मूठ दोन-चारदा फिरवली, बाहेरून, मग आतून दार लावून घेऊन. खाली आल्यावर म्हणाला, "जिन्याची तिसरी पायरी हलतेय." हलते. सुतारांना सांगितलंय.

आता एक विनंती. मागच्या खोलीच्या दारालाही असंच कुलूप आहे, पण त्याची आतली मूठ केव्हाच गेली. मूठ गोल, पितळी, सव्वादोन इंच व्यासाची, मानेतलं चौकोनी भोक अडीच सुताचं. कोणाच्या माळ्यावर, अडगळीत, पडलेल्या घराच्या सामानात एकुलती एक सापडली तर कळवा, पोस्टाचा खर्च मी देईन. तिला स्क्रू नसला तरी चालेल. दीड सुताचे दोन माझ्याकडे शिलकीत आहेत.